सडाफटिंग

करंजाच्या रांगेपलीकडून कुणीतरी बाई मोकळ्या गळ्यानं हसली, आणि सुकन्याच्या मनात आधी आलं ते एवढंच, की चला, बागेत बायका हसायला लागल्या. बागेच्या समितीची मंडळी पाहणीसाठी सोबत होती. त्यांच्याही कानावर हे पडलं तर बरं, असं तिला वाटलं. आपण आखलेल्या जागेत कुणी न सांगता सुखानं बसलेलं दिसलं, की आर्किटेक्ट माणूस दोन दिवस हवेत असतो, आणि सुकन्या तर जरा जास्तच हवेत जाणारी. ती थांबून ऐकू लागली. हसणं पुन्हा आलं आणि शेवटी घशात अडकून खोकल्यात संपलं. खोकला अव्वाचा होता. तिच्या आईचा. हसणं मात्र तिनं कधी ऐकलं नव्हतं. उदगीरच्या घरात अव्वा हसायची ती पदर तोंडाला लावून, खांदे हलवून, आवाज न करता. तेवढ्यात एका पुरुषाचा आवाज आला, चांगला दणदणीत, फलाटावर उभं राहून गाडी पुकारावी तसा. "गौरम्मा, पिठल्यात गुठळ्याच गुठळ्या झाल्या की हो काल." त्यावर अव्वा तितक्याच मोठ्यानं म्हणाली, "एका हातानं पीठ सोडायचं, दुसऱ्या हातानं हाटायचं. तुमी दुसऱ्या हातात मोबाईल धरून राहिले असाल." आणि पुन्हा हसली. गौरम्मा. सुकन्याला आठवेना की आईला कुणी शेवटचं नावानं कधी हाक मारली होती. सगळ्यांची ती अव्वा, आजी, काकू, विहीणबाई. सुकन्याचे वडील, अप्पा, गेले, पण जिवंत असतानासुद्धा ते तिला "अगं ए" म्हणायचे, आणि पाहुणे असले की "सुकन्याची आई". हा कोण माणूस, ज्यानं तिचं नाव असं भर बागेत घेतलं होतं?

ती दोघं ओरडून बोलत होती त्याचं कारण साधं होतं, आणि ते सुकन्यानंच करून ठेवलं होतं. बागेच्या कमानीवर 'नागरी उद्यान' असं लिहिलेलं असलं, तरी लातूरचं कुणी तिला तसं म्हणत नाही. पूर्वी इथं कडब्याचा बाजार भरायचा म्हणून ती कडबा बाग. आराखडा करायच्या आधी नागरिकांची सभा झाली होती. लोकांनी सावली मागितली, पाण्याचा नळ मागितला, बायकांसाठी कडी लागेल असं शौचालय मागितलं. कुणीतरी हिरवळ हवी म्हणालं, तर मागून आवाज आला, "हिरवळीला पाणी पुन्हा रेल्वेनं आणायचं का?" आणि सभा हसली. सुकन्यानं हे सगळं मन लावून टिपून घेतलं. मग सिद्धेश्वरअप्पा उठले. आडत दुकानवाले, समितीचे अध्यक्ष, समाजात ज्यांच्या शब्दावर लग्नं ठरतात ते. म्हणाले, "समदं करा बाई, पर पोरापोरींचं काय? लांब बाक टाकले की जोडपी आली. मग घरच्या लेकीसुनांनी कुठं बसायचं?" सभेला एवढा वेळ जे बोलायचं होतं ते हेच होतं. जो तो बोलायला लागला. कुणी म्हणालं गेटवर ओळखपत्र बघा, कुणी म्हणालं झाडं लावू नका, आडोसा होतो. झाडं वाचवायची म्हणून सुकन्यानं युक्ती काढली. लांब बाक नकोतच. काळ्या दगडाची एकेकट्याची आसनं करू, पाठीला टेकण, दोन्हीकडं हात. आणि दोन आसनांत अंतर एवढं ठेवू, की दोघांनी हात लांब केले तरी बोटं लागणार नाहीत. ऑफिसातल्या स्वप्नालीला समोर उभं करून तिनं ते अंतर मापलं होतं. दोघी हात ताणून हवेत बोटं हलवत होत्या आणि हसून हसून त्यांची पुरेवाट झाली होती. सिद्धेश्वरअप्पा खूश झाले. "एका दगडात दोन पक्षी मारले बाई तुमी," म्हणाले. कॉलेजच्या पोरांनी आठवड्याच्या आत त्या आसनांचं नाव पाडलं, सडाफटिंग. जोडपी बसस्टँडमागच्या रसवंतीत गेली. म्हाताऱ्या बायका आल्या, पण एकेकट्या दगडावर बसून कुणाच्या सुनेबद्दल बोलता येत नाही, म्हणून त्या पोतं अंथरून खाली बसायला लागल्या. सुकन्याला हे सगळं माहीत होतं. हळूहळू लोकांना सवय होईल, असं ती म्हणत होती.

अव्वाला बागेत पाठवलंसुद्धा तिनंच. अप्पा गेल्यावर उदगीरचं घर बंद केलं आणि अव्वा लातूरला आली. मुलगा नाही, भाऊ नाही, जाणार कुठं? जावयाच्या घरी राहायचं म्हणून तिनं स्वतःला असं काही आवरून घेतलं होतं, की घरात ती आहे हे विसरायला व्हावं. सगळ्यांच्या आधी तिची आंघोळ, सगळ्यांच्या नंतर तिचं जेवण. टीव्हीचा आवाज इतका बारीक, की ती नुसती तोंडं बघते की काय असं वाटावं. जावई सोमेश दुकानातून आला की ती सोफ्यावरून उठून आत जायची. सोमेश बिचारा म्हणायचा, "अव्वा, बसा की," आणि ती "बसलेच होते बा" म्हणून आत जायची. ती गप्प बसलेली बघून सुकन्यालाच गुदमरायचं. म्हणून एकदा म्हणाली, "अव्वा, लेकीनं केलेल्या बागेत तरी जाऊन येत जा." अव्वा जायला लागली. काही दिवसांनी तिच्या लुगड्याला इस्त्री दिसू लागली. शेंगाची चटणी जास्त कुटली जाऊ लागली, आणि एक छोटा स्टीलचा डबा संध्याकाळी पिशवीत जाऊ लागला. सुकन्यानं हे पाहिलं नव्हतं असं नाही. बायका बायका मिळून खात असतील, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. ठरवून टाकलेल्या गोष्टीत पुन्हा डोकं घालायला तिला वेळ नव्हता.

आता समिती करंजाची रांग ओलांडून पुढं आली होती. सिद्धेश्वरअप्पा पुढं, सुकन्या त्यांच्या शेजारी, मागं समितीचे दोघं तिघं. एका सडाफटिंगवर अव्वा बसली होती. शेजारच्या सडाफटिंगवर एक चष्मा आणि टोपी ठेवलेली होती, आणि त्यांचा मालक जागेवर नव्हता. त्याला ऐकू कमी येत असणार, म्हणून तो उठून अव्वाच्या पायाशी, फुलझाडांच्या वाफ्याच्या कट्ट्यावर येऊन टेकला होता. पांढरा शर्ट, पिकलेल्या मिशा, हातात डब्याचं झाकण, झाकणात चटणी. तो बोटानं चटणी चाखत होता आणि अव्वा त्याच्या तोंडाकडं बघत होती, स्वयंपाक करणारी बाई जशी पहिल्या घासाला बघते तशी. रखवालदारानं समितीला पाहिलं आणि आपण कामात आहोत हे दाखवायला जोरात शिट्टी मारली. "ओ मामा! कट्ट्यावर बसू नका. जागेवर बसा, जागेवर!" अव्वानं मान वर केली. तिला आधी शिट्टी दिसली, मग लेक.

"तुमच्या अव्वा न्हाईत का ह्या?" सिद्धेश्वरअप्पांनी विचारलं. "आन् हे कोण?"

प्रश्नात वाईट काही नव्हतं. उत्तर द्यायला एक क्षण पुरला असता, पण सुकन्याला त्या क्षणात किती काय दिसत राहिलं. उदगीरचा बसस्टँड दिसला. अप्पा बाकाच्या एका टोकाला बसलेले, मधे ट्रंक, मग सुकन्या, आणि अव्वा बाकावर नाहीच, खाली पिशव्यांपाशी. लग्नाला जाताना अप्पा पुढं आणि अव्वा इतकी मागं, की अनोळखी माणसाला ही दोघं एका गावची आहेत हेसुद्धा कळू नये. तसंच असतं, तसंच चांगलं दिसतं, असं लहानग्या सुकन्याला वाटायचं. आज आई एका पुरुषाला चटणी चाखवत होती आणि तिच्या कपाळावरची विभूती घामानं जराशी पसरली होती. ती सुंदर दिसत होती. आई सुंदर दिसते आहे याची सुकन्याला लाज वाटली. तोंड तापलं, कान तापले. काय सांगायचं यांना? मित्र? पासष्टी ओलांडलेल्या विधवेचा मित्र, हा शब्द लातूरच्या जिभेवर बसतच नाही. ओळखीचे म्हणावं तर ते आणखी वाईट, ओळख कुठली, कशी, कधीपासून. शेजारी म्हणावं तर सिद्धेश्वरअप्पांना आमची गल्ली दारानिशी पाठ. आणि मग तिला दिसलं, की शब्द समोरच पडलेला आहे. रखवालदारानं नुकताच टाकलेला. तो तर रस्त्यावरच्या कुणालाही मामा म्हणतो, रिक्षावाल्याला, भाजीवाल्याला. तिनं तो उचलला.

"मामा आहेत आमचे," ती म्हणाली.

"मामा?" सिद्धेश्वरअप्पांच्या कपाळाला आठी पडली. "तुमच्या लग्नात मामाच्या जागेला अव्वांचा चुलतभाऊ उभा होता की. सख्खा न्हाई म्हनले होते."

"मानलेले. अव्वानं भाऊ मानलंय त्यांना."

आठी गेली. इतकी लवकर गेली, की सुकन्याला हायसं वाटलं. "मग बरं हाय," सिद्धेश्वरअप्पा म्हणाले, आणि मागच्या दोघा तिघांच्याही चेहऱ्यावर ते बरं पसरलं. त्यांनी त्या माणसाला हात जोडले. रखवालदारानं शिट्टी खिशात टाकली. आता कट्ट्यावर बसायलाही हरकत नव्हती. सगळं इतकं सोपं होऊन गेलं. फक्त तो माणूस गोंधळून एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. त्यानंही हात जोडले, मग अव्वाकडं वळून म्हणाला, "काय म्हनल्या त्या? मला ऐकू न्हाई आलं." अव्वा सुकन्याकडं बघत होती. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर निभावलं असतं. पिठाच्या डब्यात हात घालावा आणि डबा रिकामा निघावा, तशी ती बघत होती. "काय म्हनल्या, गौरम्मा?" त्यानं पुन्हा विचारलं. मग अव्वानं घसा साफ केला आणि ज्या आवाजात मघाशी पिठलं सांगितलं होतं त्याच आवाजात, खाली पोत्यावर बसलेल्या बायकांच्या, रांगेत पळणाऱ्या पोरांच्या, समितीच्या, सगळ्या बागेच्या कानावर जाईल असं ओरडून सांगितलं, "माझे भाऊ हाव म्हनती तुमी! भाऊ!" त्याला ते कळायला थोडा वेळ लागला. मग तो "हां, हां" म्हणाला. झाकण डब्यावर नीट दाबून बसवलं, डबा अव्वाच्या मांडीवर ठेवला, उठला, आपला चष्मा आणि टोपी उचलून आपल्या दगडावर जाऊन बसला. "बरोबर हाय," तो तिथून म्हणाला, कुणालाच नाही असं. "भाऊच की."

पुढची पाहणी सुकन्यानं केली, पण काय पाहिलं ते तिला सांगता आलं नसतं. सिद्धेश्वरअप्पा कारंज्याबद्दल बोलत होते. तिला सुटल्यासारखं वाटत होतं आणि सुटल्यासारखं वाटतंय याचीच शरम वाटत होती, एकात दुसरं. तिला पुण्याची ती बाग आठवली, शिकत होती तेव्हाची. आदिनाथ नावाचा वर्गातला मुलगा आणि ती संध्याकाळी बसली होती, आणि एका पोलिसानं काठी बाकावर आपटून विचारलं होतं, हा कोण? तिनं एका दमात सांगितलं, भाऊ. चुलत भाऊ. पोलीस गेला आणि दोघं पोट धरून हसली. पुढं कितीतरी दिवस आदिनाथ तिला चिडवायला ताई म्हणायचा, आणि ती त्याला दप्तर मारायची. हा शब्द तिच्या पिढीला छत्रीसारखा होता. पाऊस आला की उघडायची, गेला की मिटायची, आणि आत काय आहे ते आतल्या दोघांना माहीत. पण अव्वाला शब्द असा उघडता मिटता येत नव्हता. तिच्यासाठी भाऊ म्हणजे भाऊ. एकदा चारचौघांत मानलं म्हटलं की मानलं. दुधाची शपथ घेतल्यासारखं ते रक्तात जातं, आणि मग त्या माणसाकडं पाहायची नजर बदलावी लागते. सुकन्याला हे माहीत नव्हतं का? ती काय परदेशात वाढली होती? माहीत होतं. त्याच घरात, त्याच चुलीपाशी ती वाढली होती. माहीत होतं म्हणूनच तर तो शब्द इतका चपखल बसला, असं तिला वाटून गेलं आणि तिला स्वतःची किळस आली.

घरी अव्वा भाकरी थापत होती. सुकन्या ओट्याशी उभी राहिली. बोलायचं होतं, पण सोमेश बाहेरच्या खोलीत होता, मग तो जेवला, मग झोपायची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी तिनं म्हटलं, "अव्वा, मी काल एकदम बोलून गेले. सिद्धेश्वरअप्पा समोर होते, तू बघितलंस ना." अव्वा म्हणाली, "चांगलंच केलंस की. लोकं इचारत्यात." "ते कोण आहेत?" "एस्टीचे कंट्रोलर. गाड्या पुकारायचे. निलंग्याच्या स्टँडवर होते. किल्लारीकडलं गाव. बायको वारली." मग म्हणाली, "पोरगा नांदेडला हाय रेल्वेत. या म्हणतो. जात न्हाईत." का जात नाहीत, हे अव्वानं सांगितलं नाही, आणि विचारायचं तोंड सुकन्याला उरलं नव्हतं. अव्वा बागेत जात राहिली. लवकर परत येऊ लागली. डबा नेत नव्हती. सुकन्या एकदा मुद्दाम कमानीपाशी गाडी थांबवून बघत राहिली. आपल्याच आईवर पाळत ठेवतो आहोत हे कळत होतं, तरी बघत राहिली. दोघं आपापल्या दगडावर बसली होती. कंट्रोलर समोर बघत होते, अव्वा समोर बघत होती. कुणी ओरडत नव्हतं. समितीला अशी शांतता फार आवडली असती.

सुकन्यानं मग एकच गोष्ट केली, जी तिला येत होती. एका बैठकीत तिनं लांब बाकांचा विषय काढला. म्हाताऱ्या बायका खाली बसतात, गुडघे दुखतात, पावसाळ्यात ओल असते. सिद्धेश्वरअप्पा म्हणाले, "पुन्हा जोडपी?" ती म्हणाली, "जोडपी आली तर येऊ द्या अप्पा. बाग आहे." आपला आवाज चढलेला तिलाच ऐकू आला. एरवी असं तोंड वर करून बोलायची तिची बिशाद नव्हती. वादावादी झाली, पण दसऱ्यानंतर करंजाखाली एक लांब बाक बसला. नवीन दगडाचा, हात नसलेला. तिनं घरी येऊन अव्वाला सांगितलं. "बरं झालं," अव्वा म्हणाली. "बायकांची सोय झाली." त्या बाकावर बायका बसू लागल्या, एकमेकींना ढकलून, सात आठ जणी. अव्वा त्यात कधी दिसली नाही.

भाऊबीजेच्या सकाळी सुकन्या उठली, तेव्हा बैठकीत रांगोळी काढलेली होती आणि रांगोळीवर पाट. भाऊ नसलेल्या बायका करतात तसं अव्वा दरवर्षी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायची. लहानपणी सुकन्याला वाटायचं, चंद्र हाच आपला मामा, म्हणून तर सगळी पोरं त्याला चांदोमामा म्हणतात. पण हा पाट सकाळीच मांडला होता. ती काही विचारणार, तेवढ्यात बेल वाजली. दारात कंट्रोलर उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, दाढी घोटलेली, हातात पिशवी. कानात नवं मशीन होतं. आवाज बारीक काढायला ते शिकत होते बहुतेक. "सुकन्याबाई ना?" ते म्हणाले. "मी हणमंतराव. मामा."

सोमेशला याचा खरंच आनंद झाला. त्यानं पाया पडून घेतलं, "या मामा, या," म्हणाला, आणि सासूला भाऊ मिळाला म्हणून घरातलं ओझं हलकं झाल्यासारखा तो मोकळा हसला. आतून अव्वा ताट घेऊन आली. नवीन लुगडं नव्हतं, रोजचंच होतं. "या अण्णा," ती म्हणाली, "बसा." अण्णा. तिच्या माहेरात मोठ्या भावाला म्हणतात तो शब्द. हणमंतराव पाटावर बसले आणि अव्वा त्यांच्यासमोर गुडघ्यांवर टेकली. बागेत ती दोघं एकमेकांच्या इतकी जवळ कधी आली नसतील. इथं कुणी शिट्टी मारणार नव्हतं. तिनं बोट बुडवून त्यांच्या कपाळाला विभूती लावली, आणि तिचं बोट कपाळावर होतं तेवढा वेळ दोघांनी खाली पाहिलं. मग तिनं ओवाळलं. दिवा वर, दिवा खाली. सुकन्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि तिला वाटत होतं, आपण काहीतरी म्हणावं. थांबा म्हणावं. मी खोटं बोलले होते म्हणावं. पण सोमेश फोटो काढत होता. हणमंतरावांनी पिशवीतून साडी आणि खण काढून ताटात ठेवला, खणावर नारळ. अव्वानं लाडू दिला, त्यांनी अर्धा खाल्ला. पिठल्याबद्दल कुणी बोललं नाही. सोमेशनं पावसापाण्याचं विचारलं. मग निघताना, चपला घालत, ते म्हणाले, "आता नांदेडला जाईन म्हणतो. पोरगा लई मागं लागलाय. घर बघून ठेवलंय त्यानं." अव्वा म्हणाली, "जा की. लेकरापाशी बरं." ते जिन्यावरून उतरून गेले. कठड्याला धरून, हळूहळू.

सोमेश आत गेला. अव्वा बैठकीत बसून नारळ बाजूला ठेवून खणाची घडी घालत होती. जांभळा खण, चांगला होता, निवडून आणलेला. सुकन्या तिच्याजवळ खाली बसली. "अव्वा, मी चुकले गं," ती म्हणाली. "तुझ्या बाबतीत मी फार मोठी चूक केली. त्यांना थांबव ना. ते तुझ्यामुळंच जात नव्हते, मला कळलंय. तू एक शब्द बोललीस तर थांबतील."

अव्वानं घडी मांडीवर ठेवली, तळहातानं सारखी केली. लेकीच्या डोळ्यांत पाणी बघून तिनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पोरीचं काही हरवलं असावं तसा.

"बहिणीपायी कुणी भाऊ गावात राहतो का बाई?" ती म्हणाली. "भाऊ दिवाळीला येतो."